केसातील मातृकुळ

मुद्देमालाची मोहोरबंद पुडी उघडून, तिच्यावरचा क्रमांक दफ्तरातील नोंदीशी ताडून पाहिल्यावर चिमट्याच्या टोकाला जे लागते, ते म्हणजे कुणा श्वानाच्या अंगावरून गळलेला, मुळाशी जिवंत पेशी न उरलेला एक करडा केस. अशा केसाच्या दांड्यात पेशीकेंद्राचा डीएनए, जो एका प्राण्याला दुसऱ्यापासून निश्चितपणे वेगळा काढू शकतो, तो पुरेसा सापडत नाही. परंतु तंतुकणिकांमधला, सुमारे १६,७०० अक्षरांचा वर्तुळाकार डीएनए मुळातच पुष्कळ प्रतींत असल्याने तेथेही तगून राहतो.

केस प्रथम साबणाच्या द्रावणात, नंतर अल्कोहोलमध्ये धुवावा लागतो, कारण त्याला चिकटलेली दुसऱ्या एखाद्या कुत्र्याची लाळसुद्धा सगळी तपासणी नासवू शकते. मग त्याचे बारीक तुकडे विरघळवून घ्यायचे; आणि त्याच्या शेजारी, केस न घातलेली एक रिकामी नळी त्याच सर्व संस्कारांतून न्यायची. त्या रिकाम्या नळीत काही उगवले, तर दिवसभराचे काम रद्द. या नळीइतका सच्चा साक्षीदार मला या व्यवसायात दुसरा भेटलेला नाही.

वाचायचा असतो तो मुख्यतः नियंत्रक प्रदेश. पडद्यावर चार रंगांच्या लाटा उमटतात आणि आपण अक्षरामागून अक्षर लावीत जातो. तथापि मध्येच दहा अक्षरांचा एक तुकडा सुमारे तीस वेळा पुनरावृत्त झालेला लागतो, आणि त्या आवर्तनांची संख्या एकाच श्वानाच्या शरीरातही एकसारखी नसल्यामुळे, तेवढा भाग तुलनेतून वगळणेच प्रामाणिकपणाचे ठरते.

उरलेला मजकूर जुळला, तरी तो व्यक्तीचा नव्हे, मातृकुळाचा असतो: आई, तिची पिले, मावशी, मावशीची पिले, सर्वांचा एकच. स्टॉकहोममधील पीटर साव्होलाइनेन व सहकाऱ्यांनी २००२ साली जगभरच्या ६५४ श्वानांचे अनुक्रम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतले पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक अवघ्या तीन समूहांत सामावले. काही अनुक्रम तर एकमेकींशी संबंध नसलेल्या कितीतरी जातींत आढळतात. त्याच वर्षी सॅन दिएगोच्या न्यायालयात, एका बालिकेच्या हत्येच्या खटल्यात, आरोपीच्या फिरत्या घरात मिळालेले केस तिच्या कुटुंबाच्या श्वानाशी अशाच रीतीने ताडण्यात आले होते. परंतु तेथे रक्त आणि बोटांचे ठसेही होते, आणि केसाचा पुरावा त्यांच्या जोडीने उभा राहिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

म्हणून अनुक्रम जुळला की अहवालात ‘हाच तो श्वान’ असे न लिहिता ‘या श्वानास वगळता येत नाही’ एवढेच मी लिहितो, आणि संदर्भसंचातील किती श्वानांत तोच अनुक्रम आढळला ती संख्या खाली नोंदवतो. आजच्या दुसऱ्या पुडीतला केस मात्र संशयित श्वानाशी सहा ठिकाणी जुळला नाही. लाटा दोनदा, दोन्ही दिशांनी वाचल्या, रिकामी नळी रिकामीच होती. आणि ‘हा केस या श्वानाचा नव्हे’ हे वाक्य निःशंकपणे लिहून पुडी पुन्हा मोहोरबंद केली.