नवे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि कॉम्प्युटर बंद पडू लागला? कार्ड परत करण्याआधी हे तपासा

साकोलीत आता गल्लीगणिक दोन-तीन घरांत तरी डेस्कटॉप कॉम्प्युटर दिसतो. कुणी शादीच्या शूटिंगचे एडिटिंग करतो, कुणाची मुलगी अ‍ॅनिमेशन शिकते, कुणाचा मुलगा गेम खेळतो. काम जड होऊ लागले की कुणीतरी सल्ला देते, "ग्राफिक्स कार्ड टाका." मग नागपूरहून किंवा ऑनलाइन कार्ड मागवले जाते. पंधरा-वीस हजार रुपये सहज जातात. आणि कार्ड बसवल्यावर दुसऱ्याच दिवसापासून कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागतो.

अशा वेळी घरात लगेच दोन निकाल लागतात. एक तर दुकानदाराने खराब माल दिला, नाहीतर पोराने काहीतरी बिघडवले. असे प्रश्न घेऊन पालक आणि माजी विद्यार्थी आमच्याकडे येत असतात. हे दोन्ही निकाल बऱ्याचदा घाईचे ठरतात, असे आम्ही पाहिले आहे. नवे कार्ड कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच मोठा भार टाकतो, आणि आत आधीपासून असलेली कमजोरी त्या दिवशी बाहेर येते. म्हणून दोष ठरवण्याआधी तपासणी करायची, आणि तीही क्रमाने.

आधी लक्षण नीट पाहा

"कॉम्प्युटर बंद पडतो" एवढ्याने डॉक्टरला काही समजत नाही. एक वही घ्या. कधी बंद पडला, तेव्हा काय चालू होते, किती वेळाने पडला, हे लिहा. साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला, कसलाही मेसेज न येता कॉम्प्युटर झटक्यात बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. येथे पहिला संशय विजेवर. दुसरा, स्क्रीन काळी होऊन दोन-चार सेकंदांत परत येते, पण गेम किंवा एडिटिंगचे सॉफ्टवेअर बंद झालेले असते. येथे ड्रायव्हर आधी पाहावा. कार्डाने उत्तर दिले नाही तर विंडोज साधारण २ सेकंद वाट पाहते आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करते, म्हणून स्क्रीन अशी जाते-येते. तिसरा, दहा-वीस मिनिटे ठीक चालून मग अडकतो, किंवा स्क्रीनवर रंगीत ठिपके, पट्टे येतात. येथे उष्णता किंवा कार्डाची स्वतःची मेमरी. चौथा, स्क्रीनवर काहीच येत नाही. तेव्हा मॉनिटरची केबल जुन्या जागी, म्हणजे मदरबोर्डला लावलेली आहे का ते पाहा. ती नव्या कार्डालाच लावायची असते.

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'सिस्टम'च्या नोंदी पाहता येतात. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसले की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण त्यात सांगितलेले नसते. 'डिस्प्ले ४१०१' अशी नोंद असेल तर मात्र ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाला, हे नक्की कळते.

एसएमपीएसचे गणित

मदरबोर्डच्या ज्या खाचेत कार्ड बसते, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देते. त्यापेक्षा जास्त लागली तर एसएमपीएसमधून वेगळी केबल लावावी लागते. ६ पिनची केबल आणखी ७५ वॅट देते, ८ पिनची १५० वॅट.

गेल्या लग्नसराईत आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे हेच झाले. त्याने एडिटिंगसाठी आरटीएक्स ३०६० हे कार्ड घेतले. टाइमलाइनवर सगळे ठीक चालायचे, पण व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की पाच मिनिटांत कॉम्प्युटर बंद. तीन घरांचे व्हिडिओ अडकले होते, ॲडव्हान्सही घेतलेला होता. अब्बा म्हणाले, "मिळेल त्या भावात विकून टाक. अगोदरच सांगितलं होतं, नको ही भानगड." मुलगा रडवेला झाला होता.

कॅबिनेट उघडले तर एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' छापलेले. पण बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनसमोर १८ अँपिअर लिहिले होते. आठवी-नववीचे गणित आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः याच लाइनवर जगतात. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि त्याच्या प्रोसेसरला ६५. बेरीज झाली २३५. पंखे आणि हार्ड डिस्क तर अजून धरलेच नाहीत. शिवाय कार्ड काही क्षण आपल्या आकड्यापेक्षाही जास्त वीज ओढते. म्हणजे ४५० चा आकडा वाचून जो निश्चिंत बसला, त्याच्याकडे प्रत्यक्षात २१६ च होते.

कार्ड बनवणारी कंपनी या मॉडेलसाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ओळखीच्या घरातून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस दोन दिवसांसाठी आणून लावला. सलग तीन व्हिडिओ एक्स्पोर्ट झाले. मग तसाच नवा विकत घेतला. कार्ड विकले असते तर हजारोंचा तोटा, आणि बिघाड तिथल्या तिथे. शिवाय बाप-लेकात जो गैरसमज वाढत होता, तोही आकड्यांनी मिटला.

घरचा यूपीएसही पाहा. ६०० व्हीएचे साधे यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटपर्यंतच भार घेतात. लाइट गेली की भार एकदम बॅटरीवर येतो आणि यूपीएसच हात टेकतो. तेव्हाही दोष कार्डाचा वाटतो. सोबत इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या.

बाकीची तपासणी, एकेक करून

विज्ञानाच्या प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलतात. येथेही तेच करा. ड्रायव्हर, रॅम आणि एसएमपीएस एकाच दिवशी बदलले, तर बरे कशाने झाले हे कधीच कळणार नाही.

१. कार्ड पुन्हा बसवा. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कार्ड काढून सरळ दाबून बसवा, खाचेची कडी 'टक्' वाजली पाहिजे. मग स्क्रू घट्ट करा. दोन पॉवर केबल लागत असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलची दोन टोके वापरू नका. हार्ड डिस्कच्या जुन्या जोडणीतून स्वस्त कन्व्हर्टर लावून कार्डाला वीज देणे टाळाच. अशा जोड्या तापतात.

२. जुना ड्रायव्हर मुळापासून काढा. आधीचे कार्ड दुसऱ्या कंपनीचे असेल तर हे जास्त गरजेचे. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये चालवा, तेवढ्या वेळ इंटरनेट बंद ठेवा. मग कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका. 'एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर' देणाऱ्या साइट्सपासून दूर राहा. सगळ्यात नवा ड्रायव्हर त्रास देत असेल तर त्याआधीचा टाकून पाहा. २०१० मध्ये एनव्हिडियाला एक ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता, कारण त्यामुळे कार्डाच्या पंख्याचा वेग बिघडत होता.

३. उष्णता मोजा. आपल्या भंडारा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि धानाच्या मळणीच्या दिवसांत धूळ-भुसा घरात येतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' खाली कार्डाचे तापमान दिसते. जड काम चालू असताना ७० ते ८० च्या दरम्यान असणे नेहमीचे आहे. सारखे ८५ च्या वर जात असेल तर कॅबिनेटची बाजू उघडून तेच काम करून पाहा. बंद पडणे थांबले, तर पंखा आणि हवेची वाट हाच उपाय. कॉम्प्युटर भिंतीला चिकटवून किंवा कापडाने झाकून ठेवू नका.

४. रॅम आणि प्रोसेसर विसरू नका. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवलेला असेल तर तो मूळ सेटिंगवर आणा. अलीकडचेच उदाहरण घ्या. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरवर गेम बंद पडायचे आणि मेसेज यायचा, व्हिडिओ मेमरी संपली. लोकांनी कार्डे बदलली. २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केले की दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जास्त व्होल्टेजचा आहे. कंपनीने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. मेसेजमध्ये नाव कार्डाचे होते, गुन्हेगार दुसराच निघाला. मात्र बायोस अपडेट करायचे तर यूपीएसवर करा. मधेच लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

५. अदलाबदल करून पाहा. हा शेवटचा पुरावा. आपले कार्ड पुरेसा एसएमपीएस असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये लावा. तिथेही तसेच बंद पडले, तर कार्ड खराब. तिथे ठीक चालले, तर दोष आपल्या घरी आहे.

कार्ड खरेच खराब निघाले तर

बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर जपून ठेवा. वहीतल्या नोंदी आणि बंद पडतानाचा व्हिडिओ घेऊन दुकानदाराकडे जा. भांडण करण्यापेक्षा पुरावा दाखवा. वॉरंटी असूनही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

सेकंडहँड कार्ड घेताना जास्त सावध राहा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर दिवस-रात्र राबलेली कार्डे बाजारात आली. ती सगळीच वाईट नाहीत, पण पंखे आणि आतली पेस्ट झिजलेली असू शकते. समोर अर्धा तास जड काम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

घेण्याआधीच हिशोब करा

खरे तर हे सगळे कार्ड घेण्याआधी तपासले तर पुढचा मनस्ताप टळतो. कार्डाला किती वॅट लागतात, एसएमपीएसच्या १२ व्होल्ट लाइनवर किती मिळतात, केबल आहे का, कॅबिनेटमध्ये कार्ड मावते का, हे चार प्रश्न कागदावर लिहा. ऑफिसांतून निघालेल्या जुन्या ब्रँडेड कॉम्प्युटरमध्ये एसएमपीएस लहान असतो आणि त्याचा आकारही वेगळा असू शकतो, त्यामुळे तो बदलणे सोपे नसते. अशा मशीनसाठी ७० ते ७५ वॅटची कार्डे पाहावीत. आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी मॉडेल ७० वॅटचे आहे आणि त्याच्या अनेक प्रकारांना वेगळी केबल लागत नाही.

आणि गरज नसेल तर कार्ड घेऊच नका. इनपेजमध्ये उर्दू कंपोजिंग, मराठी टायपिंग, ऑनलाइन फॉर्म भरणे, मुलांचे व्हिडिओ लेक्चर, यांसाठी वेगळे कार्ड लागत नाही. त्या पैशात एसएसडी आणि रॅम घातली तर कॉम्प्युटर जास्त पळेल.

पालकांना एवढेच सांगणे आहे, की मशीन बंद पडली म्हणून मुलाला लगेच दोष देऊ नका. त्याच्यासोबत बसा, एसएमपीएसचे लेबल त्याच्याकडून वाचून घ्या, गुणाकार त्यालाच करू द्या. थोडा सबर ठेवला तर पैसे वाचतील आणि मुलगा दुरुस्तीही शिकेल.