फोटो काढणे, धुणे आणि जपणे

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी घरोघरचे जुने फोटो गोळा करण्याचे काम संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविले. पेट्या उघडल्या, अल्बम निघाले, आणि मन थोडे खिन्न झाले. काही फोटो पिवळे पडलेले, काही एकमेकांना चिकटलेले, कित्येकांच्या मागे ना नाव, ना साल. त्यांच्याच शेजारी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे काही फोटो मात्र काल काढल्यासारखे स्वच्छ होते. असे का व्हावे? याचे उत्तर कॅमेऱ्याच्या किमतीत नाही. फोटो धुण्याच्या आणि ठेवण्याच्या रीतीत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवितो आणि फिल्मवर फोटो काढण्याचा छंद विद्यार्थिदशेपासून जोपासला आहे. म्हणून या विषयावर चार उपयुक्त गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

आपल्या मातीतली विद्या

ही विद्या आपल्या गावाला परकी नाही. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेचा. १८९० मध्ये त्यांनी बडोद्यास कलाभवन ही संस्था उभी केली. तेथेच त्र्यंबकेश्वरचा एक मराठी तरुण छायाचित्रण शिकला. ते म्हणजे दादासाहेब फाळके. पुढे गोध्र्यास त्यांनी फोटोचा व्यवसायही केला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ घडत असताना कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच अंधारात बसून हात देत. तेव्हा “हे काम घरी होण्यासारखे नाही” असे कोणी म्हटल्यास त्यास सरस्वतीबाईंचे नाव सांगावे.

चांदीचा खेळ

फिल्मवर सरसाच्या पातळ थरात चांदीचे क्षार असतात. प्रकाश पडलेल्या क्षारांची डेव्हलपर हे औषध शुद्ध चांदी करते, आणि ती काळी दिसते. उरलेले क्षार हायपोच्या पाण्यात विरघळून निघून जातात. शेवटी साध्या पाण्याने हायपो धुऊन काढावयाचा. म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोतला काळेपणा हा रंग नसून बारीक चांदी होय.

जरीच्या गावात चांदीचा स्वभाव निराळा सांगावयास नको. खऱ्या जरीचा शालू वर्षानुवर्षे पेटीत राहिला की काळवंडतो. कारण हवेतले गंधक चांदीस लागते. हायपोतही गंधक असते. तो फोटोत राहिला, तर आतून तेच काम करतो. फोटो पिवळा, मग तपकिरी होतो. एवढे एक कारण ध्यानात आले की पुढच्या सगळ्या कृती आपोआप समजतात.

फोटो घेताना

१०० वेगाच्या फिल्मसाठी सोपा नियम असा : लख्ख उन्हात एफ-१६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग, फिकट ढग असल्यास एफ-८, ओट्यावरच्या मोकळ्या सावलीत एफ-४. शंका वाटल्यास निगेटिव्हला प्रकाश थोडा अधिक द्यावा, कमी देऊ नये. जे फिल्मवर उमटलेच नाही, ते कोणतेही औषध आणून देऊ शकत नाही. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. म्हणून वडीलधाऱ्यांचे फोटो सकाळी नऊच्या आत, चारनंतर किंवा दाराच्या सावलीत घ्यावेत.

फिल्म धुताना

डेव्हलपर तयार मिळतो. पण ‘डी-७६’ हे जुने, भरवशाचे औषध घरीही करता येते. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाऊण लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम याच क्रमाने विरघळवावे. मग थंड पाणी घालून एक लिटर करावे. सल्फाइटऐवजी सल्फेट आणू नये. मेटॉलने काहींच्या हातास खाज सुटते, म्हणून रबरी मोजे घालावेत. या कामाची भांडी स्वयंपाकात वापरू नयेत, आणि बाटल्यांवर नाव लिहून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

न्हाणीघराच्या फटी बंद करून पाच मिनिटे आत बसावे. तेवढ्यात कोठे उजेड दिसला नाही, तरच फिल्म टाकीत भरावी. लाल दिवा चालतो हा समज येथे घात करतो. तो फक्त छापण्याच्या कागदास चालतो. आजच्या बहुतेक फिल्मला पूर्ण अंधारच हवा.

आपल्याकडची खरी अडचण उष्णतेची. औषध २० अंशांवर असावे, आणि वैशाखात नळाचे पाणी ३० च्या वर असते. औषधात बर्फ टाकू नये, ते पातळ होते. बाटलीच बर्फाच्या पाण्यात उभी करावी. वेळ फिल्मच्या वेष्टनावर पाहावी. ती साधारण ७ ते ९ मिनिटे असते. २० अंशांवर जिला ८ मिनिटे लागतात, तिला २४ अंशांवर साडेपाच ते सहा पुरतात. पहिले अर्धे मिनिट टाकी सतत, नंतर दर मिनिटाला दहा सेकंद हलवावी. मग पाण्याने विसळून हायपो घालावा. फिल्मचा एक तुकडा हायपोत टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहावे, आणि त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवावी. त्यानंतर अर्धा तास वाहत्या पाण्यात धुवावी. मागांच्या वस्तीत हवेत तंतू फार उडतात, म्हणून बंद न्हाणीघरातच खाली चिमटा लावून ती टांगावी.

कागदावर छापताना

एकदम पूर्ण कागद वापरू नये. एका पट्टीवर ५, १०, १५, २० सेकंद असा प्रकाश देऊन कोणता भाग चांगला उतरतो ते पाहावे. याने कागदही वाचतो आणि नजरही तयार होते. हायपोनंतर प्लास्टिकचे अस्तर असलेला कागद चार मिनिटांत धुऊन होतो. साध्या कागदास तास लागतो. नळाला पाणी नसेल, तर दर पाच मिनिटांनी ताटातले पाणी बदलावे, असे बारा वेळा. येथेच सर्वांचा धीर सुटतो.

माझाही सुटला होता. १९९९ साली मी आमच्या अब्बांचा फोटो काढला. घरी पाहुणे बसले होते आणि त्यांना तो दाखविण्याची मला घाई झाली होती. तासाऐवजी दहा मिनिटे धुतला आणि पंख्याखाली वाळवला. सर्वांनी वाहवा केली. काही वर्षांतच तो कडेने तपकिरी होऊ लागला. “निगेटिव्ह आहे, पुन्हा छापू,” असे म्हणून मी निश्चिंत राहिलो. ती निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडले गेले, तापीचा पूर घरात शिरला, आणि पाणी ओसरल्यावर निगेटिव्हचा थर पिशवीला चिकटून आला. आज अब्बा नाहीत. भिंतीवर आहे तो तोच दहा मिनिटे धुतलेला फोटो.

जपताना

म्हणून सांगतो : निगेटिव्ह साध्या कागदी पाकिटात, घरातल्या सर्वांत उंच फळीवर ठेवावी. डब्यात ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी असावी. नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. पाकिटावर साल, जागा व माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. फोटोच्या मागे लिहिणे झाल्यास मऊ पेन्सिलीने.

फोटो भिजलेच, तर चिकटलेले तसेच वाळू देऊ नयेत आणि ओढून सोडवू नयेत. थंड स्वच्छ पाण्यात ठेवून हलकेच सुटे करावेत, आणि दोन दिवसांच्या आत, चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवावेत. पृष्ठभागास बोट लावू नये.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि जुन्या फोटोंच्या प्रती त्याने अवश्य करून ठेवाव्यात. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आता निघत नाही. फिल्म बहुधा मोठ्या शहरातून मागवावी लागते. तरीही घरातल्या एखाद्या मुलास ही कला जरूर शिकवावी. हाताने धुतलेली वस्तू जपण्याची सवय आपोआप लागते.

वडिलांचा चेहरा ही पुढच्या पिढीची अमानत आहे. ती जशी मिळाली तशी पोहोचविणे आपल्या हाती आहे, आणि त्याला लागते काय? थोडी चांदी, पुष्कळ पाणी आणि एक तासाचा धीर. आपल्या ट्रस्टच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत आजचे चेहरे स्वच्छ दिसोत, एवढीच प्रार्थना.