केलं, केलं होतं, केलं आहे : इंग्रजीचे काळ आणि सचोटीचा व्यापार

सहामाही परीक्षा जवळ आली, की मुलांच्या इंग्रजीच्या वह्या आपल्यासमोर येऊन पडतात. त्यांत लाल शाईच्या खुणा सर्वांत जास्त कुठं असतील, तर काळांच्या प्रश्नाला. सिंपल पास्ट, पास्ट परफेक्ट, प्रेझेंट परफेक्ट ही नावं मुलांना तोंडपाठ असतात, कोष्टकंही पाठ असतात. पण स्वतःचं एक वाक्य लिहायची वेळ आली, की तो 'हॅड' कुठंही जाऊन बसतो!

घर सांभाळून मी शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. माझा अनुभव असा, की 'रामानं आंबा खाल्ला' या छापाच्या वाक्यांनी काळ शिकवता येत नाहीत. रामानं आंबा खाल्ला काय, खाल्ला होता काय, मुलांच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. जिथं काळ बदलला की कुणाचं तरी बरंवाईट ठरतं, तिथं मात्र तो चटकन कळतो. म्हणून मी एक विषयच धरला आहे. आपण वापरतो तो माल कुणी बनवला, त्याला काय मिळालं, त्याच्यावर अन्याय झाला का? थोडक्यात, सचोटीचा व्यापार. इंग्रजीत याला एथिकल ट्रेड म्हणतात.

मैत्रिणींनो, यातलं व्याकरण आपल्याला नवीन नाही. दुधाचा हिशेब आठवा. 'दूधवाल्याला पाच तारखेला पैसे दिले,' म्हणजे व्यवहार झाला, संपला. 'पैसे दिले आहेत,' म्हणजे आता देणं राहिलेलं नाही. 'त्यानं मागायच्या आधीच दिले होते,' म्हणजे आधी काय आणि नंतर काय ते स्पष्ट झालं. तीन वाक्यं आणि तीन वेगळे अर्थ. इंग्रजीचे तीन काळही साधारण असेच आहेत. साधारण म्हटलं, कारण दोनतीन ठिकाणी मराठी आपल्याला फसवते. तेही पाहूच.

साधा भूतकाळ : झालं आणि संपलं

पहिली गोष्ट साखरेची. अठराव्या शतकात इंग्लंडात चहात पडणारी साखर वेस्ट इंडीजच्या बेटांवरून येई. तिथं उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. १७९१ साली गुलामांचा व्यापार थांबवण्याचा ठराव ब्रिटिश पार्लमेंटनं फेटाळला. तेव्हा विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थानं एक पत्रक काढलं आणि लोकांना ही साखर सोडायला सांगितलं. थॉमस क्लार्कसन या कार्यकर्त्याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३ लाख लोकांनी ती सोडली. बायकांना त्या काळी मताचा अधिकार नव्हता, पण घरात साखर आणायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी तेवढ्याचा उपयोग केला. काही घरांत हिंदुस्थानातली साखर येऊ लागली. 'ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी केलेली नाही' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली साखरेची भांडीसुद्धा निघाली! पुढं १८०७ साली ब्रिटननं गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ साली गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला. एकट्या साखरेनं हे घडलं असं नव्हे, पण घराघरांतून उठलेला तो आवाजही त्यात होता.

आता यावर वाक्यं करायला सांगा. 'मेनी विमेन स्टॉप्ड बाइंग शुगर इन १७९१.' 'ब्रिटन एंडेड द स्लेव्ह ट्रेड इन १८०७.' वाक्यात साल आहे, काल आहे, गेल्या आठवड्यात आहे, म्हणजेच 'केव्हा' याचं उत्तर आहे, की साधा भूतकाळ. हा नियम मुलांच्या मनावर पक्का ठसवा.

इथंच मराठी पहिल्यांदा फसवते. आपण सहज म्हणतो, 'मी काल बाजारात गेले होते.' मूल त्याचं शब्दशः भाषांतर करतं, 'आय हॅड गॉन टु द मार्केट यस्टर्डे.' चूक! आपलं 'होते' इथं नुसतं बोलण्याच्या ओघात आलेलं आहे. इंग्रजीत सरळ 'आय वेन्ट' म्हणायचं.

क्रियापदांची रूपंही विषयाला धरून पाठ करून घ्या, म्हणजे लक्षात राहतात. बाय, बॉट, बॉट. सेल, सोल्ड, सोल्ड. मेक, मेड, मेड. ग्रो, ग्रू, ग्रोन. वीव्ह, वोव्ह, वोव्हन, म्हणजे विणणे. गिव्ह, गेव्ह, गिव्हन. नो, न्यू, नोन. आणि पे, पेड, पेड. या 'पेड'चं स्पेलिंग पी-ए-आय-डी. पुष्कळ मुलं वाय तसाच ठेवून मागं ई-डी जोडतात आणि अर्धा गुण घालवतात.

पूर्ण भूतकाळ : आधी काय ठाऊक होतं?

दुसरी गोष्ट मनाला चटका लावणारी आहे, पण मोठ्या मुलांना अवश्य सांगावी. बांगला देशात ढाक्याजवळ सावर इथं राणा प्लाझा नावाची आठमजली इमारत होती. वरच्या मजल्यांवर तयार कपड्यांचे कारखाने होते. तिथले कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जात. २४ एप्रिल २०१३ रोजी सकाळी ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसं मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. त्यांत शिवणकाम करणाऱ्या बायका आणि तरुण मुली फार होत्या.

मुलांना मी विचारते, 'हा अपघात म्हणायचा का?' उत्तर देण्यापूर्वी ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिते. 'द बिल्डिंग फेल ऑन २४ एप्रिल.' 'क्रॅक्स हॅड अपिअर्ड द डे बिफोर.' भिंतींना भेगा आदल्याच दिवशी पडल्या होत्या. लोकांना बाहेरही काढलं होतं. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पुन्हा आत बोलावलं गेलं.

आता ते 'हॅड' काढून टाका आणि लिहा, 'क्रॅक्स अपिअर्ड अँड द बिल्डिंग फेल.' जणू भेग पडली आणि इमारत लगोलग खाली आली, कुणाच्या हातात काही नव्हतंच! 'हॅड' घातला, की मधला एक दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या दिवसात कुणाला काय ठाऊक होतं, कुणी काय केलं नाही, हे प्रश्न उभे राहतात. पूर्ण भूतकाळाचं काम हेच. झालेल्या दोन गोष्टींपैकी आधीची कुठली हे तो सांगतो, आणि जबाबदारी बहुतेक वेळा त्या 'आधी'तच असते.

नियम सोपा आहे. गोष्टी दोन असतील तर आधीच्या गोष्टीला 'हॅड', नंतरच्या गोष्टीला साधा भूतकाळ. गोष्ट एकच असेल तर 'हॅड' नको. आणि दोन्हीकडे 'हॅड' तर नकोच नको.

पूर्ण वर्तमानकाळ : खातं अजून उघडं आहे

राणा प्लाझानंतर २०१३ च्या मे महिन्यात एक करार झाला. कपड्यांच्या कंपन्या आणि कामगार संघटना यांनी मिळून कारखान्यांच्या इमारती तपासण्याचं ठरवलं. करार कायद्यानं बंधनकारक होता. पुढं त्यावर दोनशेहून अधिक कंपन्यांच्या सह्या झाल्या. 'द कंपनीज साइन्ड अ पॅक्ट इन २०१३,' हा साधा भूतकाळ, कारण साल दिलं आहे. 'मेनी कंपनीज हॅव साइन्ड द पॅक्ट,' हा पूर्ण वर्तमानकाळ. सही मागं केव्हातरी झाली, पण बोलताना तिचं बंधन चालू आहे, असा याचा अर्थ. 'हॅव' किंवा 'हॅज' आला, की गोष्टीचा धागा आजपर्यंत पोचतो.

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. गालिचे विणायला लहान मुलांना बसवत, कारण त्यांची बोटं बारीक आणि मजुरी कमी. कैलास सत्यार्थी यांच्या प्रयत्नांतून १९९४ साली रगमार्क ही खूण सुरू झाली. मागावर मूल कामाला नाही याची तपासणी करायची आणि मगच गालिच्याला ती खूण लावायची. २००९ पासून तिचं नाव गुडवीव्ह आहे. सत्यार्थींना २०१४ साली शांततेचं नोबेल पारितोषिक मलाला युसुफझाईबरोबर मिळालं. मुलं वाक्य करतात, 'द लेबल हॅज हेल्प्ड मेनी चिल्ड्रन सिन्स १९९४.' पण 'द लेबल हॅज स्टार्टेड इन १९९४' लिहिलं तर चूक. साल आलं, की 'हॅज' जातो!

इथं मराठी दुसऱ्यांदा फसवते. 'ती दहा वर्षांपासून इथं काम करते.' आपलं क्रियापद वर्तमानकाळात, म्हणून मूल लिहितं, 'शी वर्क्स हिअर सिन्स टेन यिअर्स.' बरोबर वाक्य, 'शी हॅज वर्क्ड हिअर फॉर टेन यिअर्स.' किती काळ हे सांगायचं तर 'फॉर', कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स'. यासाठी आपल्या लिज्जत पापडाची गोष्ट फार उपयोगी पडते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथं काम करणाऱ्या बहिणी नोकर नाहीत, मालकीणच आहेत. 'सेव्हन विमेन बॉरोड एटी रुपीज इन १९५९.' 'द सिस्टर्स हॅव ओन्ड द बिझनेस सिन्स १९५९.' एका गोष्टीत दोन काळ!

तिसरी फसगत 'आत्ताच'ची. 'तो आत्ताच आला,' याला इंग्रजीत 'ही हॅज जस्ट कम.'

आता साखरेकडे पुन्हा वळू या. १८३३ च्या कायद्यानंतर ब्रिटिश सरकारनं भरपाई दिली, २ कोटी पौंड, पण ती कुणाला? मळेवाल्या मालकांना. राबलेल्या गुलामांना काहीच मिळालं नाही. 'ब्रिटन पेड द ओनर्स. इट हॅज नेव्हर पेड द वर्कर्स.' पहिल्या वाक्यातलं खातं बंद झालं, दुसऱ्यातलं अजून उघडं आहे. 'नेव्हर'बरोबर 'हॅज' का येतो, हे यानंतर कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

जाहिरात वाचताना

काळ नीट कळले, की त्यांचा उपयोग परीक्षेबाहेरही होतो. कपड्यांच्या, चहा-कॉफीच्या पुड्यांवर हल्ली सुंदर इंग्रजी वाक्यं असतात. 'वुई हॅव इम्प्रूव्ड द लाइव्ज ऑफ अवर वर्कर्स.' पूर्ण वर्तमानकाळाला तारीख लागत नाही, म्हणून तो जाहिरातवाल्यांना सोयीचा! आपण मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावं. केव्हा केलं? त्याआधी काय ठाऊक होतं? अजून काय बाकी आहे? तीन प्रश्न म्हणजेच तीन काळ.

सगळ्याच खुणा पोकळ असतात असं मात्र नाही. फेअरट्रेडचं उदाहरण घ्या. या चळवळीतली पहिली खूण १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर लागली. तिच्यात कॉफी पिकवणाऱ्यांना किमान भाव ठरलेला असतो. बाजार पडला तरी त्याखाली जायचं नाही. शिवाय वर थोडी जादा रक्कम मिळते, आणि ती शाळेवर खर्च करायची की विहिरीवर, हे शेतकऱ्यांची संस्थाच ठरवते. खुणेमागं असा नियम आहे का, ते पहावं.

घरच्या घरी सराव

रोज पंधरा मिनिटं पुरे. ही पाच वाक्यं मुलांना इंग्रजीत करायला द्या.

१. त्यांनी गेल्या वर्षी मजुरी वाढवली.
२. त्यांनी मजुरी वाढवली आहे.
३. आम्ही विचारण्यापूर्वीच त्यांनी मजुरी वाढवली होती.
४. ती आठ वर्षांपासून इथं काम करते.
५. मी काल तिला पैसे दिले होते.

उत्तरं : १. दे रेझ्ड द वेजेस लास्ट यिअर. २. दे हॅव रेझ्ड द वेजेस. ३. दे हॅड रेझ्ड द वेजेस बिफोर वुई आस्क्ड. ४. शी हॅज वर्क्ड हिअर फॉर एट यिअर्स. ५. आय पेड हर यस्टर्डे. पाचव्यात 'हॅड' आला, तर पहिला नियम पुन्हा वाचायला सांगा.

नंतर मुलांनी स्वतःच्या शर्टाची पट्टी पहावी, तो कुठं शिवला ते वाचावं आणि त्यावर तीन काळांत तीन वाक्यं लिहावीत.

आणि सचोटीचा व्यापार ढाक्यात किंवा वेस्ट इंडीजमध्येच शोधायला हवा असं थोडंच आहे? आपल्या साड्यांना फॉल लावून देणारी, दिवाळीत चकल्या करून देणारी, घरी बसून मोत्यांच्या माळा ओवणारी बाई आपल्याच गल्लीत असते. 'सुट्टे नाहीत, पुढच्या वेळी देते,' असं आपण तिला सहज म्हणून जातो. मुलांना आजचं सहावं वाक्य तेच द्या, 'वुई हॅव पेड हर.' पण वहीत लिहिण्यापूर्वी ते खरं आहे ना, एवढं पाहून घ्या.