जीपच्या चासीची निगा

जुन्या जीपगाड्यांवर एक लेख हवा, असे संपादकांनी कळविले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारातून दिमाखाने फिरणारी, ताज्या रंगाची आणि रुंद टायरांची गाडी असावी. परंतु कामशेतच्या एका गॅरेजात बॉडी, इंजिन व चाके उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली नुसती चासी दृष्टीस पडली, आणि त्या दिमाखापेक्षा त्याचा भार वाहणारा हा अस्थिपंजरच अधिक विचारणीय आहे, अशी माझी खात्री झाली.

गाडीची कुळकथा सर्वश्रुत आहे. १९४५ साली महिंद्र बंधू व गुलाम महंमद यांनी स्थापिलेल्या कंपनीस १९४८ मध्ये सध्याचे नाव मिळाले, आणि विलिस कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी मुंबईत होऊ लागली. उंच बॉनेटची जी सीजे-थ्री-बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढाच काळ निघाली, ती आणि तिची पिलावळ आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिली. सरकारी खात्यांच्या लिलावांतून अशा गाड्या खेडोपाडी गेल्या, तशा त्या मावळातही आल्या, आणि दुधाच्या किटल्या, भाताची पोती व लग्नाचे वऱ्हाड यांत कसलाही भेद न मानता राबल्या.

घाटमाथ्यावरील लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो हे ठाऊक असणाऱ्यास या गाड्यांच्या चासीवर चढणाऱ्या गंजाचा दोष पावसावर ढकलण्याचा मोह होईल. गॅरेजातील मिस्त्रींना हा आरोप मान्य नाही. त्यांच्या मते पाऊस गाडी धुतो. तिला खातो तो भातखाचरांतून आणि राजमाचीच्या वाटेवरून अंगास लागलेला, सांदीकोपऱ्यांत दडून बसलेला आणि दिवाळी उलटली तरी आतून ओला राहणारा चिखल. शास्त्रही त्यांच्याच बाजूचे आहे, कारण लोखंडास गंजण्यासाठी पाण्याच्या जोडीने प्राणवायू लागतो, आणि भिजत-सुकत राहणाऱ्या मातीच्या थराखाली ही दोन्ही द्रव्ये महिनोन्‌महिने त्याच्या सान्निध्यात राहतात. त्यातही मालकाने गाडी अलिबाग-काशीदच्या वाळूत नाचवून आणली असेल, तर मागे राहिलेले मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते आणि उघडीप असतानाही लोखंडास कोरडे होऊ देत नाही.

मिस्त्रींची तपासणी पाहण्यासारखी असते. चासीचे दोन लांब चॅनल, त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर, पाट्यांचे हँगर, या सर्वांवरून ते लहान हातोडी टक टक करीत नेतात आणि कान देऊन ऐकतात. जिवंत पत्रा खणखणतो, मेलेला भदभदतो, आणि जेथे आवाज बदलतो तेथे खडूची खूण होते. खुणा कोठे पडतात हे पाहता असे ध्यानात येते की, जुन्या जीपचा उघडा चॅनल एका बाजूने मोकळा असल्यामुळे तेथे पाण्याचा फवारा पोचतो, वारा फिरतो आणि ब्रशही जातो. परंतु बळकटीसाठी जेथे पत्र्यावर पत्रा जडविला आहे, अथवा क्रॉसमेंबर पेटीसारखा बंद केला आहे, तेथे शिरलेले पाणी निघू शकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि भिंतीच्या फटीत रुजलेल्या पिंपळाप्रमाणे दोन पत्र्यांना एकमेकांपासून दूर रेटतो. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीची चासी तर बंद पेटीचीच असल्याने तिचा गंज आतून बाहेर येतो, आणि तो दिसेतो आतला बराच पत्रा गेलेला असतो.

उपायांच्या बाबतीत मिस्त्रींची मते कडक आहेत. गंजावरच डांबरी लेप थापण्याची जी चाल पडली आहे, ती त्यांना सर्वस्वी त्याज्य वाटते. तो लेप तडकतो, तड्यांतून पाणी आत जाते आणि वरून मात्र गाडी काळीभोर, निरोगी दिसते. त्यांचा क्रम असा की, प्रथम पाणी वाहून जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत, मग दाबाच्या पाण्याने चिखल काढावा, पूर्ण वाळू द्यावे, पापुद्रे खरवडून तारेच्या ब्रशने धातू उघडा करावा, जेथे ब्रश पोचत नाही तेथे गंज पालटणारे द्रावण लावावे, त्यावर प्राइमर, त्यावर रंग, आणि बंद पोकळ्यांत लांब नळीने पातळ मेण फवारावे. या द्रावणांपैकी काहींत टॅनिक आम्ल असते, जे गंजाशी संयोग पावून काळा, स्थिर थर निर्माण करते. सह्याद्रीच्या रानातला हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, तिचा काळेपणाही याच संयोगाचा. त्या शाईच्या रसायनाचेच नाते जीपच्या गंजाशी निघावे, याची मला मोठी मौज वाटली.

अडचणी मात्र फार आहेत. कुजलेला भाग कापून पट्टी डकविण्याचे काम सीओटू वेल्डिंगने होते, पण चासी ठोकळ्यांवर समतल बसवून कर्ण मोजल्याखेरीज ते केल्यास ती तिरकी होते आणि गाडी जन्मभर एका अंगाने ओढते. इतकी सबुरी असणारे कारागीर थोडे, आणि तिचे दाम देणारे मालक त्याहून थोडे. दुसरी अडचण दफ्तरी आहे. खासगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्या वेळी चासी नंबराचा पेन्सिलने घेतलेला ठसा कागदपत्रांशी ताडून पाहतात. आणि तो नंबर गंजाने खाल्ला असेल, अथवा उत्साही कारागिराच्या ग्राइंडरखाली गेला असेल, तर अस्सल गाडीचा मालकही संशयित ठरतो. म्हणून नंबराभोवतीचा हातभर भाग मिस्त्री स्वतः, केवळ मऊ ब्रशने आणि तेलाने साफ करतात. तेथे पोऱ्याला हात लावू देत नाहीत.

तिसरी अडचण ऋतूची, आणि ती सर्वांत हट्टी. रंग बसण्यासाठी लोखंडाचे तापमान हवेच्या दवबिंदूहून निदान तीन अंश सेल्सियस वर असावे, असा या व्यवसायाचा सर्वमान्य दंडक आहे. आषाढातील लोणावळ्यात, जेथे ढग रस्त्यावर उतरलेले असतात, तो पाळणे जवळजवळ अशक्य. तरीही मालकांची रांग लागते ती मृग नक्षत्र तोंडावर आल्यावर, आणि मग घाईने ओलीच माती रंगाखाली कोंडली जाते. मावळात जुनी जीप बाळगणाऱ्यांनी चासीचे काम कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांतच काढावे, आणि ब्रश हाती घेण्यापूर्वी चासी नंबराचा ठसा घेऊन कागदपत्रांत ठेवावा.