पोरगं तालमीत काही घेत तर नाही ना?

जांबे-मारुंजी भागात आयटीवाले आले, इमारती उठल्या, पण मुळशीचं कुस्तीचं वेड काही कमी झालं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले वडील शेवटी हळूच विचारतात, "डॉक्टर, हा काही घेत तर नसेल?"

दोन-तीन महिन्यांत दंड आणि वजन एकदम वाढणं, पाठीवर मोठे पुरळ, छातीत दुखरी गाठ, चिडचिड, उडालेली झोप ही लक्षणं पाहा. पुरळ तर या वयात येतातच. एका लक्षणावरून आरोप करू नका.

स्टिरॉइड म्हणजे इथे पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम रूपं. ती बाहेरून मिळू लागली की शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं थांबवतं, वृषण आकसतात. यकृत आणि हृदयावरही ताण येतो. वाढत्या मुलात हाडांच्या टोकांची वाढ वेळेआधी बंद होऊ शकते. मग खुंटलेली उंची परत मिळत नाही. जिममध्ये विकलं जाणारं मेफेन्टरमिन हे खरं तर भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणायचं इंजेक्शन आहे. दम टिकावा म्हणून ते घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, शिवाय सवय लागते ती वेगळीच.

तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ मध्ये मेटँडिएनोन सापडलं. अन्नात कुणीतरी मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. 'नाडा'ने ते मान्य केलं, पण क्रीडा लवादाने केलं नाही. रिओत कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा नियम आहे. "सरांनी दिलं" हे उत्तर तिथे पुरत नाही.

मुलं हे वाईट म्हणून करत नाहीत. "सगळेच घेतात" हे त्यांना खरंच वाटतं. त्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आणि घरच्यांची त्यावरची आशा. हरल्यावर घरी काय बोललं जातं, तेही एकदा आठवून पाहा. (माझ्यासमोर एका वडिलांनी मुलाला "खर्च वसूल कर" म्हटलं होतं. मुलगा खाली बघत बसला.)

घेत असल्याचं कळलं तर आरडाओरडा नको, आणि परस्पर बंदही करायला लावू नका. स्टिरॉइड सुटल्यावर काही मुलांना तीव्र नैराश्य येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी दवाखान्यात या. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला तर थेट रुग्णालयात न्या. एरवी येताना पावडरीचे डबे, गोळ्यांची पाकिटं, रिकाम्या बाटल्या सगळं पिशवीत घालून आणा, आणि दहा मिनिटं मुलाला माझ्याशी एकट्याने बोलू द्या.