उपदेशाची फ्रेम कुणाच्या भिंतीवर?

जुन्या किराणा दुकानात गल्ल्याच्या वर एक फ्रेम असायची, आठवतेय? अर्ध्या भागात गोल पोटाचा, मजेत बसलेला शेठ, शेजारी पैशांनी भरलेली तिजोरी. हा रोखीने विकणारा. उरलेल्या अर्ध्यात हाडांचा सापळा झालेला, डोक्याला हात लावून बसलेला माणूस आणि त्याच्या रिकाम्या तिजोरीपाशी उंदीर. हा उधारीवाला. लहानपणी मला ते उंदीर जाम आवडायचे. एक गंमत मात्र खूप उशिरा लक्षात आली. बोध दुकानदाराला, पण फ्रेमचं तोंड कायम गिऱ्हाइकाकडे!

हे आठवलं ते एका मित्राच्या रूमवर. पहिला जॉब, भाड्याचा फ्लॅट, भिंत रिकामी दिसते म्हणून ऑनलाइन मागवलेली 'व्हिंटेज' फ्रेम. काळ्या रेघांचं, गर्दीने भरलेलं पार्टीचं चित्र. "कसला व्हाइब आहे ना!" तो म्हणाला. व्हाइब होताच. खुर्चीत एक तरुण पार आऊट होऊन पडलाय, पाय थेट टेबलावर. पण जरा जवळ जाऊन बघा. त्याला बिलगलेली मुलगी त्याचं घड्याळ लांबवतेय आणि त्या घड्याळात तीन वाजलेत, पहाटेचे. मागे दुसरी एक मुलगी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला मेणबत्तीने आग लावतेय. भिंतीवर रोमन सम्राटांच्या तसबिरी आहेत, पण सगळ्यांचे चेहरे कापून टाकलेले. शाबूत आहे तो एकटा नीरो!

हे चित्र लंडनच्या विल्यम हॉगार्थचं. 'अ रेक्स प्रोग्रेस' या आठ चित्रांच्या मालिकेतलं हे तिसरं. नायकाचं नाव टॉम रेकवेल. बाप एवढा कंजूष की बायबलचं चामडी कव्हर कापून बुटाचा तळ शिवलेला. तो मेल्यावर सगळा पैसा टॉमच्या हातात येतो. मग लगेच नाच शिकवणारा, तलवारबाजी शिकवणारा, बागेची डिझाइन करून देणारा, सगळे दारात हजर. पुढे उधळपट्टी, कर्ज, पैशासाठी एका श्रीमंत म्हातारीशी लग्न, जुगार, तुरुंग आणि शेवटी वेड्यांचं इस्पितळ. तिथेही नटूनथटून आलेल्या दोन बायका वेडे बघायला उभ्या आहेत, आपण प्राणिसंग्रहालयात जातो तशा.

ही मूळ ऑइल पेंटिंग्ज आज लंडनच्या सर जॉन सोन म्युझियममध्ये आहेत. पण हॉगार्थची खरी कमाई होती ती त्यांच्या छापील प्रतींवर. आधीच्या मालिकेच्या धडाधड नकला निघाल्या, तेव्हा त्याने इतर चित्रकारांना सोबत घेऊन पार्लमेंटकडून चक्क कॉपीराइटचा कायदा करून घेतला. कायदा लागू झाला 25 जून 1735 ला आणि टॉमची मालिका बाजारात आली त्याच दिवशी. पायरसीवाल्यांसाठी एवढी वाट बघणारा माणूस!

उपदेश करण्यात हॉगार्थ दुकानातल्या फ्रेमचा सख्खा भाऊ शोभतो. 1751 मधली 'बीअर स्ट्रीट' आणि 'जिन लेन' ही जोडी घ्या. एका गल्लीत बीअर पिणारे गुटगुटीत, कामसू लोक, आणि तिथे धंदा कुणाचा बसलाय तर गहाणवट करणाऱ्याचा. दुसरीकडे स्वस्त जिनने पोखरलेली वस्ती, झिंगलेल्या आईच्या हातून खाली पडणारं मूल. एका प्रतीची किंमत एक शिलिंग. जिन लेनमधला माणूस त्यातला मोठा वाटा रोजच्या मजुरीतून काढणार कुठून? म्हणजे विकत घेणारा एक आणि सुधारायचं दुसऱ्याने. 1747 च्या 'इंडस्ट्री अँड आयडलनेस'मध्ये तर हे आणखी उघड आहे. मन लावून काम करणारा पोरगा मालकाच्या मुलीशी लग्न करून लंडनचा लॉर्ड मेयर होतो, आळशी पोरगा फासावर जातो. अशी चित्रं मालकांच्या किती सोयीची असतील! मला ही मालिका तेवढी आवडत नाही. ऑफिसात लावलेल्या मोटिव्हेशनल पोस्टरसारखी वाटते.

टॉमचं मात्र तसं होत नाही, आणि त्याचं कारण सातव्या चित्रात आहे. टॉम फ्लीट या कर्जदारांच्या तुरुंगात बसलाय. पैसे उभे करायला त्याने नाटक लिहिलं होतं, ते नाकारल्याची चिठ्ठी टेबलावर पडलीये. शेजारच्या कैद्याकडून एक कागद निसटलाय. त्यावर काय, तर अख्ख्या देशाचं कर्ज फेडण्याची योजना! हसू येतं. पण हॉगार्थचे वडील लॅटिनचे शिक्षक होते, शाळेची पुस्तकं लिहायचे. त्यांनी लॅटिन बोलणाऱ्यांसाठी कॉफी हाउस काढलं, ते बुडालं आणि कर्जापायी ते याच फ्लीटमध्ये काही वर्षं अडकले. विल्यम तेव्हा शाळकरी पोरगा होता. असल्या योजना लिहिणारी माणसं त्याने जवळून पाहिली असणार. इथे तो टॉमकडे बोट दाखवत नाही, त्याच्या शेजारी बसतो.

टॉम अजूनही परत येतोच. ग्रेसन पेरी या ब्रिटिश कलावंताने 2012 मध्ये सहा भल्या मोठ्या टॅपेस्ट्री केल्या. त्यातला टिम रेकवेल सॉफ्टवेअरमधून श्रीमंत होतो आणि फेरारीच्या अपघातात मरतो. बघे मोबाइलवर फोटो काढत असतात.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ फ्रेमकडे बघत राहिला. "म्हणजे मी आठातला एकच एपिसोड लावलाय?" मग फोन उघडून सातवं चित्र मिळतं का ते शोधायला लागला. मिळालं. साइज तोच, किंमतही तीच. खाली 'तीन हप्त्यांत भरा' असं बटण होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"पगार झाल्यावर बघू," तो म्हणाला.