जेथें आहांत तेथून आरंभ

माझा धाकटा मुलगा एका मोठ्या कचेरीच्या संगणकसेवा-खात्यांत काम करितो. जेवतांना त्याचा फोन वाजला कीं आमच्या घरांतील मुलें 'आलें तिकीट' म्हणून ओरडतात. हें तिकीट आगगाडीचें नव्हे. कचेरींत कोणाचा संगणक बंद पडला, कोणास आपला पासवर्ड आठवेनासा झाला, म्हणजे तो तक्रार नोंदवितो. त्या क्रमांकित नोंदीस तिकीट म्हणतात. अशा तक्रारींचें निवारण, वारंवार होणाऱ्या बिघाडाच्या मूळ कारणाचा शोध, यंत्रणेंत करावयाचे बदल, ह्या सर्वांची शिस्त लावणें हें त्या खात्याचें काम.

ह्या शिस्तीचें आतां एक शास्त्रच झालें आहे. ब्रिटिश सरकारच्या संगणकविषयक संस्थेनें तें रचावयास घेतलें व १९८९ सालीं त्याचे पहिले ग्रंथ निघाले. त्या ग्रंथमालेस 'आयटिल' म्हणतात. २०१९ सालीं निघालेल्या तिच्या चौथ्या आवृत्तींत सात मार्गदर्शक तत्त्वें आहेत. २०१६ च्या एका पुस्तकांत तीं नऊ होतीं. थोडेंथोडें सुधारावें व प्रत्येक पायरीस अभिप्राय घ्यावा, काम झांकून ठेवूं नये, साधें ठेवावें, इत्यादि तत्त्वें कोणतीहि शहाणी गृहिणी न शिकतां जाणते. परंतु दुसऱ्या तत्त्वापाशीं मी थांबलों : जेथें आहांत तेथूनच आरंभ करा.

थांबण्यास कारण होतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत नवे मुख्याध्यापक आले. त्यांनीं फीची जुनी, डागाळलेली नोंदवही रद्द करून सुबक छापील नोंदवही आणिली. जुन्या वहींत आमचे वृद्ध कारकून कांहीं नांवांपुढें तांबड्या शाईचा ठिपका देत. त्या मुलांची फी कोणी सद्गृहस्थ गुप्तपणें भरीत असे. नव्या वहींत ठिपक्यास रकाना नव्हता. सहामाहीस तीन मुलांचीं नांवें कमी झालीं. दोघे परत आले. तिसरा आला नाहीं. नव्या वहीची स्तुति करणाऱ्यांत मीहि होतों.

शास्त्रार्थांत आधीं पूर्वपक्ष यथार्थ मांडावा लागतो, मग त्याचें खंडन. ह्या तत्त्वाचें सांगणें तेंच. जें चालूं आहे तें प्रत्यक्ष जाऊन पाहावें. केवळ अहवालावर विसंबूं नये. तिकीट चार तासांत मिटलेंच पाहिजे असा दंडक घातला, तर संगणक दुरुस्त होण्यापूर्वींच तिकीट मिटविलें जातें, आणि बिचारा तक्रारदार दुसरें काढतो. आंकडे मात्र सुंदर दिसतात. जुनें तें सारेंच राखावें, असें मात्र तें तत्त्व म्हणत नाहीं. पाहून झाल्यावर टाकावयाचें तें खुशाल टाकावें.

गेल्या वर्षीं मुलाच्या खात्यांत हाच प्रसंग आला. प्रत्येक बदल, मग तो लहान असो वा मोठा, आठवड्याच्या सभेंत मंजूर व्हावा अशी तेथील पद्धति. कामें तुंबत. वरिष्ठांनीं सर्वच व्यवस्था मोडून नवें सॉफ्टवेअर आणण्याचें व रात्रपाळी बंद करून तें काम स्वयंचलित करण्याचें ठरविलें. मुलानें पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली व तीन रात्री तो रात्रपाळीच्या माणसांजवळ बसला. सभेपुढें येणारे बहुतेक बदल शंभरदां केलेले, निर्धोक असेच होते. त्यांस एकदांच कायमची मंजुरी दिली, आणि सभा केवळ धोक्याच्या बदलांपुरती राहिली. नव्या सॉफ्टवेअरची गरजच उरली नाहीं.

रात्रपाळींतील एका प्रौढ गृहस्थांजवळ एक वही होती. वीज जाऊन आल्यावर कोणता सर्व्हर आधीं व कोणता मागून चालूं करावयाचा, हा क्रम तींत होता. कचेरीच्या कोणत्याहि कागदांत तो नव्हता. ते गृहस्थ घरीं गेले असते तर यंत्रास तो क्रम कोणीं शिकविला असता? सातवें तत्त्व आधीं सुधारा व मग यंत्रावर सोंपवा असें सांगतें, तें उगीच नव्हे.

रात्रपाळी तूर्त चालूं आहे. वही रीतसर उतरवून घेतली. काम संपतांच त्या गृहस्थांनीं ती परत मागितली. शेवटच्या चार पानांवर त्यांच्या घरच्या दुधाचा हिशेब होता.